चार बोटं आखूड

टाकीतली नळी मी आखूड कापली आणि डिझेल चोरल्याचा आळ बहिणीच्या नवऱ्यावर घेतला. चूक एवढीच असती तर कदाचित लिहिलं नसतं. नळीचं कळल्यानंतरही मी बरेच दिवस गप्प राहिलो, आणि ते या आळापेक्षा वाईट होतं.

मी इच्छापोरच्या एका कारखान्यात फिटर आहे. घर नवागामला, बहीण दोन गल्ल्या सोडून. माझ्या मालकीची एक जुनी डिझेल पिकअप आहे. ती दाजी चालवायचे. बमरोलीच्या लूमच्या कारखान्यांतून कापडाचे ताके भरायचे आणि पांडेसराच्या मिलमध्ये उतरवायचे, असं रोजचं काम. गाडीवर हात चालवायची खोड मात्र मला. हौदाच्या फळ्या उंच केल्या, मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले, भंगारातून मोठा टर्बो आणून बसवला, जास्त डिझेल जावं म्हणून इंजिनाच्या पंपाचा स्क्रूही फिरवून ठेवला. इंजिनाची ताकद वाढली, पण तेवढं डिझेल पुढे पोचेना. रिकामी गाडी पळायची आणि भरलेली पुलाच्या चढावर मध्येच दम टाकायची.

म्हणून एका रविवारी मी डिझेलची सगळी लाइनच बदलायला घेतली. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावला. बारीक पाइप काढून जाड टाकला. पाणी वेगळं करणारा, खाली काचेची वाटी असलेला मोठा फिल्टर चेसिसला बसवला. टाकी उतरवली तर तळाशी काळा गाळ होता. नव्या पंपाने तो ओढू नये म्हणून आतली शोषणाची नळी मी तळापासून चार बोटं वर ठेवली. टाकी लांबट आणि उथळ होती. चार बोटं म्हणजे जवळजवळ पाव टाकी, आणि गाडी चढावर लागली की डिझेल मागे सरकून नळी आणखी उघडी पडणार. हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. कारखान्यात मी हीच कामं करतो.

दाजी शेजारी बसून पाने पुसून देत होते. म्हणाले, "शालकबुवा, एवढं सगळं केलं, आता हिला पंखही लावा. पुलाची कटकट जाईल."

नंतर गाडी खरंच सुधारली. फक्त अधूनमधून बंद पडायची. पहिल्यांदा उधन्याच्या पुलावर, मग पुन्हा तिथेच. मी मोटारसायकलवरून कॅनमध्ये डिझेल घेऊन गेलो, ओतलं, चावी फिरवली. नवा पंप घूं करून हवा बाहेर ढकलायचा आणि गाडी लगेच चालू व्हायची. काटा पाव टाकी दाखवत होता, पण डिझेल ओतल्यावर गाडी चालू होते म्हणजे टाकी रिकामीच असणार, काटा अडकला असणार, असं मी धरून चाललो. दाजी घरच्या बोलीत म्हणाले, "काटा बरोबर से, तू बाकीचं पाह्य." मी पाहिलं नाही. सीटमागे एक रिकामा कॅन होता, तो मात्र डोळ्यांत खुपला, यातून डिझेल बाहेर जातं की काय असं वाटलं. फिल्टर बसवताना मीच तो तिथे टाकला होता, हे तेव्हा आठवलं नाही.

तिसऱ्यांदा गाडी बमरोलीला कारखान्याच्या चढावर बंद पडली. आवार रस्त्यापेक्षा खाली आहे, बाहेर पडायला चढच आहे. लग्नसराईचे दिवस. मागे भरलेल्या गाड्यांची रांग, हॉर्न, कोणी गुजरातीत ओरडतंय, "हालो हालो, गाडी काढो!" मी कामावरून सुटून कॅन घेऊन पोचलो तेव्हा सगळे ड्रायव्हर खाली उतरून उभे होते.

घरी मी त्यांना दाजी म्हणतो, अहो-जाहो करतो. त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. "डीज़ल जाता कहाँ है? बेचते हो क्या?"

एक ड्रायव्हर हसला. "अरे, जीजा को चोर बोल रहा है! आज घर में रोटी मिलेगी?"

दाजींनी खिशातून चावी काढून बॉनेटवर ठेवली. "हाई ले तुन्ही चावी," म्हणाले आणि चढ चढून रस्त्याला लागले. त्यांची पाण्याची बाटली गाडीतच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी टाकून मी स्वतः गाडी चालवू लागलो. त्याच आठवड्यात, त्याच चढावर, गाडी माझ्या हातात बंद पडली. काटा पाववर होता. कशीबशी घरी आणून टाकीचा खालचा बोल्ट उघडला. घमेलं भरलं, मग बादली भरली, तरी धार थांबेना. डिझेल टाकीतच होतं, माझी आखूड नळी त्यापर्यंत पोचत नव्हती.

नळी काढून बरोबर मापाची बसवली. तळ धुतला. मग एक भाडोत्री ड्रायव्हर ठेवला आणि कोणाला काही बोललो नाही. राग शांत झाला की जाऊ, असं ठरवलं होतं. दाजी बमरोलीलाच दुसऱ्या मालकाचा टेम्पो चालवायला लागले होते. बहीण बाजारात भेटली तर भाजीबद्दल बोलायची. गाडी आता भरल्या ताक्यांनी पूल सहज चढते, याचं सगळे कौतुक करायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. वडील गेल्यापासून आमच्या घरी त्या दिवशी त्यांच्या नावाची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि त्यांच्या जागी पाटावर जावयाला बसवतात. दाजींनी पहिला घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ते येणार नाहीत. मग मी एकटी कशी येऊ? आईला सांग, तब्येत बरी नाही."

मी आईला निरोप सांगितला. तिने नवी घागर आणून कोपऱ्यात ठेवली होती, ती तशीच ठेवली. बायको पुरणाची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाटावर यंदा कोणाला बसवणार? तुमच्या पंपाला?"

मी बहिणीच्या घरी जायला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी थांबलो. चोर म्हणालो होतो ते घरात नव्हे, चारचौघांत. म्हणून बमरोलीला गेलो.

माल भरायची वेळ होती. तेच आवार, बरेचसे तेच ड्रायव्हर, चहाचे ग्लास हातात. दाजी टेम्पोच्या ताक्यांवरून दोर आवळत होते. मला पाहून त्यांनी गाठ मारणं थांबवलं नाही. तो हसणारा ड्रायव्हर म्हणाला, "लो, मालिक आ गया. आज क्या चोरी हुआ?"

मी त्याच्याकडे वळून हिंदीतच बोललो, त्या दिवशी बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने. "कुछ चोरी नहीं हुआ था. डीज़ल टंकी में ही था. पाइप मैंने छोटा काटा था, गलती मेरी थी. बाद में मालूम पड़ा, तो भी मैं चुप रहा."

 दोर दाजींच्या हातात तसाच होता. मग मी त्यांच्याकडे वळलो आणि घरच्या बोलीत म्हणालो, "दाजी, चूक मन्ही से. चोर म्हटलं, आणि कळल्यावर गप्प बसलो. मला माफ करा."