थांब कोणीही म्हणो

दुसऱ्यांच्या घरात कोणी रडलं की माणसं धावून येतात. भिलाईत सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये, देवीदास भेंडारकरच्या घरी, त्याची बायको रुक्मा हसली की सगळ्यांचे कान टवकारतात. साधं हसणं चालतं. लांबलेलं हसणं चालत नाही. सासू मथुराबाई माळ ओढता ओढता थांबते, लेक प्रणिता मोबाइलमधून मान वर काढते, आणि देवीदास उगाचच स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो. तहानबिहान काही नसते. बायकोचे डोळे बघून यायचं असतं.

रुक्माला बायपोलर आहे. दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी हा शब्द सांगितला तेव्हा मथुराबाईनं तो दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. रुक्माचं मन कधी इतकं वर जातं की झोप, भूक, भीती काही उरत नाही. आणि कधी इतकं खाली बसतं की वेणी घालायलाही हात उचलत नाही. रोजची गोळी, ठरलेल्या वेळी झोप, मधून मधून रक्ताची तपासणी, एवढ्यावर सगळं ठीक चालतं. 'एवढ्यावर' म्हणायला आपलं काय जातं? हात किंचित थरथरतात, तोंडाला सारखी कोरड पडते, आणि चार लोकांत मोठ्यानं बोलताना आधी स्वतःलाच विचारावं लागतं, की हे मी बोलतेय ना?

घराण्याच्या महालक्ष्म्या भेंडारकरांकडे भंडाऱ्याहून आल्या, देवीदासचे वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले तेव्हा. भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या, पितळी मुखवटे, सोळा भाज्या, पुरण, आंबील. आदल्या रात्री घरातल्या बायका झोपत नाहीत, अशीच रीत. पाच-सहा वर्षांपूर्वी रुक्मा त्या रात्रीच्याही आधीपासून झोपली नव्हती, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उलट सगळे खूश होते. एकटीनं एवढं काम उपसणारी सून कोणाला नको असते?

संध्याकाळी आरतीत रुक्मा डोलू लागली. भराभर बोलू लागली, डोळे नुसते पेटलेले. आणि बायकांनी काय करावं? तिला हळदीकुंकू लावलं. अंगात आलं म्हणाल्या. पहिली पाया पडली ती मथुराबाई, तिची सख्खी सासू. मग रांग लागली. शेजारच्या माधवीताईंनी विचारलं, माझ्या पोराला नोकरी लागेल का? रुक्मा म्हणाली, लागेल. पहाटेपर्यंत तिला बसवून ठेवलं बायकांनी, लिंबू आणि नारळ पुढे ठेवून. ज्या बाईला झोपेची गरज होती तिला देवी करून जागवलं. राग कुणावर काढायचा? सगळ्या भाविक आणि सगळ्या प्रेमाच्या.

सकाळी रुक्मा नव्हतीच. देवीदासला ती मरोद्याच्या तलावाकाठी सापडली, पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी, मंगळसूत्र कुणालातरी देऊन टाकलेलं. त्यानंतर दवाखाना, डॉक्टरीणबाईंचा तो शब्द, आणि त्यानंतर कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडणं. माधवीताईंच्या पोराला मात्र नोकरी लागली. देवीदास सांगून थकला, की एवढ्या पोरांत कोणीतरी लागतंच. कोण ऐकतो?

महालक्ष्म्या जवळच्या उतई गावी, रुक्माच्या जावेकडे गेल्या. दर भादव्यात रुक्मा उतईला पाहुण्यासारखी पाटावर बसून जेवायची, आणि ते तिला बोचायचं.

घराचा नियम देवीदासनं आणला तो प्लांटमधून. तो क्रेन चालवतो. उंच केबिनमध्ये बसलेल्याला खालचं नीट दिसत नाही, म्हणून खालून एक जण हातानं इशारे करतो, आणि इशारा त्या एकाचाच घ्यायचा. पण 'थांब' मात्र कोणीही म्हणो. दोन्ही हात आडवे पसरून कोणी उभा राहिला, मग तो साहेब असो की झाडूवाला, क्रेन थांबलीच पाहिजे. घरातही तसंच, रुक्माला थांब कोणीही म्हणावं.

"आन् त्याचं चुकलं असंल तं?" रुक्मानं विचारलं होतं.

"पयले थांबाचं. कावून थांबवलं, थे मंग विचाराचं."

रुक्मानं नियम मान्य केला, पण फुकट नाही. तिलाही तो हक्क हवा होता. म्हणून देवीदास एकाच संध्याकाळी तिसऱ्यांदा "गोळी घेतली का?" विचारतो तेव्हा ती लाटणं धरूनच दोन्ही हात आडवे पसरते, आणि पीठ त्याच्या शर्टावर सांडतं. प्रणिता तर सर्रास वापरते. "मम्मी, बस ना, अब सोना है," म्हणून पंख्यासारखे हात. एकट्या मथुराबाईनं तो इशारा कधीच केला नाही. तिच्या मनात अजून होतं, की त्या दिवशी खरंच देवी आली असेल तर? देवीला थांब म्हणणारी आपण कोण?

यंदा रुक्मा म्हणाली, महालक्ष्म्या घरी आणा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणा, पण झोप मोडायची नाही. देवीदासनं सुटी टाकली. रात्रीचा स्वयंपाक जावेनं अंगावर घेतला. रुक्मानं रात्री वेळेवर गोळी घेतली आणि बाहेर भाज्या चिरल्या जात असताना आत झोपली. कुठल्या सुनेनं आजवर असं केलं असेल? एकदोन बायकांनी नाकं मुरडलीच. मुरडोत. नाकं त्यांची आहेत. यंदाचा सण धड पार पडला तर महालक्ष्म्या घरात राहणार होत्या, नाहीतर कायमच्या उतईला. हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी आरतीला खोली भरली. झांजा, टाळ्या, कापूर, उदबत्तीचा धूर. किती वर्षांनी रुक्मा स्वतःच्या हातानं मुखवट्यांपुढे ताट ओवाळत होती. तिला भरून आलं. आवाज आपोआप वर चढला, पाय ठेका धरू लागले, आणि ती हसली. हसतच राहिली. बायकांच्या नजरा एकमेकींना भिडल्या. माधवीताई पुढे सरकल्या. त्यांच्या मुलीला मूल होत नव्हतं. त्यांनी पदर पसरला.

"आई, एक विचारू?"

रुक्माला 'आई' म्हटलेलं ऐकू आलं. खरं सांगायचं तर तिला ते गोड लागलं. त्या एका रात्रीशिवाय तिच्या पाया कोण पडलं होतं? त्या एका रात्रीशिवाय तिचा शब्द कोणी झेलला होता? गोळ्यांनी तिला घर परत दिलं होतं, पण ती उंची नेली होती, आणि तिची आठवण अधूनमधून येते हे ती फक्त डॉक्टरीणबाईंजवळ बोलली होती. तिनं माधवीताईंच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

देवीदास दाराजवळ होता, मध्ये बायकांची गर्दी. त्याचे हात वर होण्याआधीच कोपऱ्यातली मथुराबाई उठली. वाकलेली, गुडघे दुखणारी म्हातारी मखर आणि सून यांच्यामध्ये येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात आडवे पसरले.

"थांब."

झांजा थांबल्या.

"मथुराबाई, आरती तोडू नये," कोणीतरी म्हणालं. "पाप लागते."

"लागू दे मले. मागच्या खेपी मीच पयले पाया पडली होती. थे पाप तरी कुठं फिटलं?" तिनं हात खाली घेतले नाहीत. मग ती रुक्माकडे वळली. "बाई, देवी मखरात उभी हाय. तिले दोन मुखवटे हायेत, तिसरा नाही लागत. तू माही सून हायेस. जा, गोळी घे अन् झोप."

रुक्माच्या डोक्यात संताप उसळला. मला काही झालं नाही, मी नुसती खूश होते, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सणाला! शब्द अगदी जिभेवर आले होते. पण आधी थांबायचं. तिनं ताट प्रणिताच्या हातात दिलं, आत गेली, गोळी घेतली आणि नव्या लुगड्यानिशी पलंगावर आडवी झाली. बाहेर आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिच्याशिवाय. उशी ओली झाली आणि मग केव्हातरी झोप लागली.

सकाळी ती उठली तेव्हा मखरात दोघी तशाच उभ्या होत्या. मथुराबाई त्यांच्यापुढे माळ घेऊन बसली होती, देवीदास पेपर वाचत होता. रुक्मा सासूजवळ खाली बसली.

"मामीजी, काल मी बिमार नव्हती. नुसती खूश होती."

"असशीन," मथुराबाई म्हणाली. "मले का समजते त्यातलं? तवाही फरक समजला नाही, कालही नाही समजला. म्हणून तं थांबवलं, बाई."

 रुक्माला आठवलं, आरतीच्या मधोमध गुडघे धरत उठलेली ही म्हातारी, आणि तोंडं उघडी टाकून बसलेल्या त्या सगळ्या बायका. तिला हसू फुटलं. ते लांबलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

देवीदासनं पेपर खाली ठेवला आणि पाणी प्यायला उठला.

"बस तू," मान वर न करता मथुराबाई म्हणाली. "हसू दे तिले. रातभर झोपली हाय." आणि तिची माळ चालू राहिली.