वेल्डन टीगचा कोट

वेल्डन टीग माझ्याच टेबलावर, माझ्याच हातची कॉफी पिताना गुन्हेगार ठरला. तेव्हापासून मी कायद्याच्या नावाने बोटं मोडते. गिऱ्हाइकं म्हणतात, पिलार, तुझ्या मिरचीपेक्षा तुझी जीभ तिखट झालीय. झाली असेल. त्या दिवशी मी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

आमचं गाव मधोमध चिरलेलं आहे. रस्त्याच्या पूर्वेला टेक्सास, पश्चिमेला न्यू मेक्सिको. माझी खानावळ पश्चिमेला आणि वेल्डनचं घर बरोबर समोर, टेक्सासात. त्याच्या घड्याळात एक वाजतो तेव्हा माझ्याकडे बारा वाजलेले असतात. जेवायला आला की तो रोज तेच म्हणायचा, "तुझ्याकडे आलं की माणूस तासाभराने तरुण होतो बघ." मी हसायचं कधीच सोडलं होतं, पण त्याने म्हणायचं सोडलं नाही.

धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं करण्यात त्याचा जन्म गेला. अंगाने काटकुळा, आवाज मात्र खणखणीत, आणि कमरेला पिस्तूल. ते काही मिरवायला नव्हतं. कोणाच्या नाकावर चष्मा असतो तसं त्याच्या कमरेला ते होतं, आणि इथे अशा गोष्टीकडे कोणी वळूनही बघत नाही. आत आला की जाकीट खुर्चीला अडकवायचं आणि पिस्तूल चारचौघांना दिसेल असं बसायचं, ही त्याची पद्धत. "लपवायला मी काय चोर आहे?" असं वर विचारायचा.

त्याच्या पाकिटात परवान्याचं कार्ड असायचं. मग टेक्सासने कायदा बदलला. पिस्तूल उघडं ठेवा नाहीतर कपड्याखाली ठेवा, परवाना लागणार नाही. कार्डाची मुदत संपली तेव्हा वेल्डनने माझी स्वयंपाकघरातली कात्री मागून घेतली आणि कार्डाचे तुकडे करून बशीत टाकले. "सरकारला अखेर अक्कल आली," म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या बाजूच्या अर्ध्या लोकांनी असंच केलं होतं. जी गोष्ट लागतच नाही, तिच्यासाठी कोण खेटे घालणार?

आता त्याच्या नातीचं सांगते. त्याची मुलगी डार्लीन आमच्या न्यू मेक्सिकोच्या बाजूला राहायची. ती गाडीच्या अपघातात गेली. पोरीच्या बापाचा तर आधीपासूनच पत्ता नव्हता. पोरगी, ट्वायला, आठ वर्षांची. सरकारने तिला तात्पुरतं एका परक्या कुटुंबात ठेवलं आणि वेल्डनने कोर्टात अर्ज केला की माझी नात मला द्या.

त्यानंतर मी या माणसाचं जे रूप पाहिलं ते कोणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. त्याने तिच्यासाठी खोली पिवळी रंगवली. पिस्तुलासाठी कुलपाची लोखंडी पेटी भिंतीत बसवली. कोठारातला दोर खुर्चीला बांधून त्याच्यावर वेण्या घालायला शिकला. आधी त्या वेण्या घोड्याच्या शेपटीला शोभतील अशा यायच्या, मग बऱ्या येऊ लागल्या. बालकल्याणच्या बाई घर बघून खूश झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत पोलिसांची भानगड नको हं, मिस्टर टीग." तो हसला. उभ्या आयुष्यात त्याला वेगाने गाडी चालवल्याचीसुद्धा पावती मिळाली नव्हती.

दर शनिवारी त्या कुटुंबातले लोक ट्वायलाला आजोबाच्या भेटीसाठी माझ्या खानावळीत सोडून जायचे. आजोबाला ती पॉपॉ म्हणायची. तो शनिवार जानेवारीतला होता, वारा नुसता बोचत होता आणि निकाल पुढच्या बुधवारी होता. पोरीने एक मोठं गाठोडं आणलं होतं. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून तिने पॉपॉसाठी कोट निवडला होता, तपकिरी, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. एक बटण वेगळ्याच रंगाचं होतं.

"उभा राहा," ती म्हणाली.

"जेवू तर दे."

"आधी उभा राहा."

तो उभा राहिला. तिने कोट चढवला आणि खालून एकेक बटण लावत वर गेली. गळ्याशी हात पोचेना तेव्हा खुर्चीवर चढली. "आता काढायचा नाही," तिने बजावलं. वेल्डन नवऱ्या मुलासारखा बसून राहिला. पिस्तूल कोटाखाली गेलं, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

ते दुसऱ्याच कोणाच्या तरी ध्यानात आलं. काउंटरवर एक प्रवासी अंडी खात होता. त्याने वेल्डन आला तेव्हा पिस्तूल पाहिलं होतं, आणि आता ते झाकलेलंही पाहिलं. फोन घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, घरी बोलत असेल.

थोड्याच वेळात एलॉय तफोया आला, शेरीफचा माणूस. माझ्याच हातचं खाऊन मोठा झालेला. ट्वायला तेव्हा काउंटरशी उभी राहून काचेच्या कपाटातले केक बघत होती, कुठला घ्यावा ते ठरत नव्हतं. पाठ आमच्याकडे.

"मिस्टर वेल्डन, कोटाखाली पिस्तूल आहे का?"

"आहे की. नसतं कधी?"

"परवाना दाखवता?"

"कापून टाकला. आता लागत नाही."

"तिकडे लागत नाही," एलॉय म्हणाला.

वेल्डन हसला. "अरे, मी काय चंद्रावरून आलोय? रस्ता ओलांडून आलोय."

"तेच तर झालंय ना."

मग त्याने सांगितलं ते ऐकून मी हबकलेच. आमच्या बाजूला भरलेलं पिस्तूल उघडं बाळगलं तर परवाना लागत नाही, पण कपड्याखाली गेलं की लागतो. टेक्सासचा परवाना आम्ही चालवून घेतो. वेल्डनने कात्रीने कापला तोच तो परवाना. त्याच्या सरकारने त्याला मोकळीक दिली, आणि त्या मोकळिकीनेच रस्त्याच्या अलीकडे त्याला गुन्हेगार केलं. एका कोटासाठी! माझ्या हातातली किटली खाली ठेवायचं मला सुचेना.

"मग बटणं काढली की मिटलं," मी म्हणाले. "काढ रे वेल्डन."

"आता नाही मिटत, मिस पिलार. तक्रार आलीय. तो माणूस बाहेर उभा आहे." मग एलॉय वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बटणं कोणी लावली? पोरीने खेळता खेळता लावली असतील तर तसं सांगा. मी तेच लिहितो. तुम्ही लपवलंच नाही म्हटल्यावर सगळं निभावेल."

सुटका समोर होती, आणि ती खरीही होती. वेल्डनने पोरीच्या पाठीकडे पाहिलं. तिची वेणी त्यानेच घातलेली होती.

"मी लावली," तो म्हणाला.

"मिस्टर वेल्डन, बुधवारी तुमचं..."

"ठाऊक आहे. थंडी वाजत होती. मीच लावली."

मी तोंड उघडलं तर त्याने माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. एलॉयने पिस्तूल काढून घेतलं.

बुधवारी न्यायाधीश म्हणाले, खटला डोक्यावर असलेल्या माणसाच्या हाती मूल सोपवता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू. शनिवारच्या भेटी तेवढ्या राहिल्या. मी वेल्डनवर इतकी चिडले की त्याला कॉफी आपटून दिली. "खरं बोलायला काय झालं होतं तुला?"

"माझी आई गेली तेव्हा मी तापात होतो," तो म्हणाला. "मला डॉक्टरकडे नेताना ती पावसात भिजली आणि तिला न्यूमोनिया झाला. कोणीतरी मला सांगितलं, ती तुझ्यामुळे गेली. आजही माझ्या छातीवरून ते उतरत नाही. ट्वायलाला मी सांगितलंय, कोर्टाला माझी खोली लहान वाटली. तू पण तेच सांग."

तेव्हापासून त्याने पिस्तूल बांधलं नाही. गाव चाट पडलं. तो मात्र कोट घालून यायचा, उन्हाळा लागला तरी, गळ्यापर्यंत बटणं लावून. पोरीला अंगावर दिसला पाहिजे म्हणायचा, तिने दिलेला आहे.

जूनमधल्या एका शनिवारी तो हात धुवायला गेला आणि ट्वायला काउंटरवर आली.

"मिस पिलार, पॉपॉची खोली लहान नाहीये. मी पाहिलीय ती."

"मोठी माणसं काहीही मोजतात गं," मी म्हणाले.

"बटणं मी लावली होती." तिने केकच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "या काचेत मागचं सगळं दिसतं. आणि एलॉय हळू बोलला तरी ऐकू येतं."

जे तिला कळू नये म्हणून त्या माणसाने नात हातची घालवली होती, ते तिला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं.

"त्याला सांगू नका हं," ती म्हणाली. "त्याला वाटतं, मला माहीत नाही. वाटू दे."

वेल्डन हात पुसत बाहेर आला. कपाळावर घाम होता. ट्वायला खुर्चीवर चढली आणि त्याचं गळ्याजवळचं बटण काढायला लागली.

"राहू दे गं," तो म्हणाला.

"उकडतंय तुला, पॉपॉ," ती म्हणाली आणि खालचं बटण काढायला वाकली.