हजेरीचा एजंट आणि अकरा अर्ज

आमच्या कॉलेजात संगणक शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे प्राध्यापकांना एआय एजंट बनवायला आणि वापरायला शिकवण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मला आधी आठवडाभर पुण्याला पाठवलं आणि परत आल्यावर सांगितलं, की आता चार शनिवार तुम्ही बाकीच्यांना शिकवा. पहिला शनिवार माझ्याच रजेमुळे रद्द करावा लागला, म्हणून उरले तीन.

एआयला प्रश्न विचारून उत्तर घेणं सगळ्यांनाच जमत होतं. एजंट म्हणजे त्याच्या पुढची पायरी. त्याला काम नेमून दिलं की तो स्वतः फाइली उघडतो, वाचतो, ताडून बघतो, यादी तयार करतो. एवढं मी सांगते आहे तोच मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, की आमच्याकडे एजंट दोनच, विम्याचा आणि जमिनीचा, आणि दोघांपासूनही लांब राहिलेलं बरं. सगळे हसले. मी हसले नाही. शिकवताना कोणी मध्ये बोललं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या मुलांना माहीत आहे. प्राध्यापकांना त्या दिवशी कळलं.

सरावासाठी खरंखुरं काम घ्यायचं ठरलं, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आपलं काम पुढे केलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले हे सर हजेरी समितीचे प्रमुख. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली हजेरी गेली की मुलाला परीक्षेला बसता येत नाही. मुलं गैरहजेरीचं कारण लिहून अर्ज देतात, समिती तो वाचते आणि कारण पटलं तर तेवढे दिवस माफ करते. या कामात दर वर्षी सरांचे चार-पाच दिवस मोडायचे.

सरांनी एजंटसाठी सूचना लिहून आणल्या होत्या. वहीची दोन पानं, शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात. त्यातलं एक वाक्य होतं, ‘मुलाच्या घरची आणि गावची अडचण बघून निर्णय घ्यावा.’ मी त्यावर काट मारली. यंत्राला मोघम काही सांगायचं नसतं, असं पुण्यात शिकून आले होते आणि तेच मी सगळ्यांसमोर ऐकवलं. आजारपण असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट, नाहीतर कुठला तरी दाखला, कागद नसेल तर कारण अमान्य. असे चार नियम करून मी दोन पानांची सहा ओळींत वासलात लावली.

सरांनी चष्मा काढून पुसला. “अडचण बघूची नाय, तर समिती कित्याक होयी?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सर, हा भावनेचा विषय नाही. आता लिहितानाही ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो.

तिसऱ्या शनिवारी एजंटने सगळे अर्ज वाचले, हजेरीपटाशी ताडले आणि चहा येईपर्यंत यादी काढून दिली. टाळ्या पडल्या. सरांनी हळूच विचारलं, की एकदा नजर टाकूया का. मी म्हटलं, पुन्हा आपणच वाचायचं तर एवढा खटाटोप कशाला केला? प्राचार्यांची सही घेऊन यादी फलकावर लागली.

सोमवारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हुशार, मोजकं बोलणारी. गोव्यातल्या एका औषध कंपनीत तिची नोकरी ठरली होती, पण या वर्षीचा निकाल दाखवला तरच. तिचं नाव परीक्षेला बसू न शकणाऱ्यांच्या यादीत होतं. तीन दिवस माफ झाले तर तिची हजेरी पुरत होती, नाही झाले तर नाही. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

मी नेहमीच्या सुरात विचारलं, की अर्जाला पुरावा का जोडला नाही. ती शुद्ध मराठीत म्हणाली, की गावपळण होती, त्याचा दाखला कोण देणार? मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, तुमी पण थंयच होतात.”

मी होते. ती आणि मी एकाच गावच्या. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर खोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, बांधून राहायला जातो. घरांना कुलपं लागतात. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर येतात, मुसलमानांची घरंही येतात. ग्रामपंचायतीत दाखला द्यायला माणूस उरत नाही, आणि तसला दाखला आजवर कुणी मागितलाही नाही, कारण आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही गावपळण ठाऊक असते. माझा पहिला शनिवार त्यातच गेला होता. या मुलीच्या घरची खोप आमच्या खोपीपासून तिसरी. ती काजूच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि मी तिला म्हटलंही होतं, “हय तरी सोड गो तां पुस्तक.”

मी लॅपटॉप उघडून एजंटने नोंदवलेली कारणं वाचली. गावपळणीचे अर्ज अकरा होते. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘अकरा अर्जांचा मजकूर जवळपास सारखाच. एकमेकांचं पाहून लिहिल्याची शक्यता. पुरावा नाही. अमान्य.’ मी दिलेल्या सहा ओळींप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीला बसायला सांगावं एवढंही मला सुचलं नाही. सरांनी तिला खुर्ची दिली.

मग मी आणि सर प्राचार्यांकडे गेलो. चूक माझी, हे मी त्यांना आधी सांगितलं. फलकावरची यादी उतरवून आणली आणि आम्ही दोघांनी दुपारभर बसून सगळे अर्ज हाताने वाचले. सरांनी मला एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही. त्यांनी बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. मी काट मारलेलं त्यांचं वाक्य एजंटच्या सूचनांत पहिल्या ओळीवर घातलं आणि खाली लिहिलं, की शंका आली तर नाव यादीत न घालता सरांना विचारायचं.

संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, माफी द्यायला माझी हरकत नाही, पण अकरा मुलांची गोष्ट आहे, फाइलला एखादा कागद हवा. सर आणि मी पुन्हा अर्ज चाळू लागलो. तिथेच बसलेल्या ऑफिसच्या हेडक्लार्कबाई मात्र उठल्या, कपाटातून रजेची फाइल काढली आणि त्यातल्या एका कागदाच्या अकरा झेरॉक्स काढून आणल्या.

तो माझा रजेचा अर्ज होता. ‘गावी गावपळण असल्याने तीन दिवस रजा मिळावी,’ एवढीच ओळ. ‘सोबत जोडलेले पुरावे’ या रकान्यात मी आडवी रेघ मारली होती आणि तिच्याखाली मंजुरीची सही होती.