धरमपेठेतलं पहिलं घर

धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, पत्र आलं आणि आईनं ते तीनदा वाचून माझ्यापुढे टाकलं. 'कोजागिरीच्या आधी मला आणि ताराला न्यायला या. हे राहोत आपल्या बंगल्यात.' बस्स, एवढंच. तिचे यजमान माधवराव सेक्रेटरिएटात आहेत. नागपूरच्या जुन्या महाल वस्तीतली भाड्याची जागा सोडून त्यांनी धरमपेठेत बंगला बांधला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. "तू मास्तरीण, तुझ्यापुढे जावई बोलायचे नाहीत. तिला घेऊनच ये," आईनं फर्मावलं. दसऱ्याची सुटी होतीच. निघाले.

वर्ध्याहून नागपूरला जाणार असाल तर सकाळची पॅसेंजर धरा. बायकांच्या डब्यात पाय पसरायला जागा मिळते आणि बुटीबोरी येईपर्यंत चार घरचे चिवडे चाखून होतात. स्टेशनबाहेर टांगेवाले हिंदीत अंगावर येतात. धरमपेठ म्हटलं की आठ आणे मागतात, तुम्ही चालू लागलात की पाचावर येतात. मी चालू लागले.

सीताबर्डीची गर्दी आणि महाराजबाग मागे पडली की रस्ता एकदम रुंद होतो. मेंदीची कुंपणं, लोखंडी फाटकं, फाटकावर नावाच्या पाट्या. वकील, डॉक्टर, प्रोफेसर, सगळे पदवीसकट टांगलेले! काही वर्षांमागे इथं ज्वारी उभी होती म्हणे. माधवरावांनी मला पाय धुऊ दिले नाहीत, आधी बंगला दाखवला. वारा कुठून येतो, ऊन कुठून येतं, न्हाणीचं पाणी कुठं जातं, सगळं. माणूस इतका खुलला होता की मी कशाला आले ते सांगायची मला लाज वाटली. जेवायला कुसुमनं गोळाभात केला होता, भातात हरभऱ्याच्या डाळीचे गोळे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. नागपुरात आणखी काही खाल्लं नाहीत तरी चालेल, हा खाच.

दुपारी कुसुमची चूल आणि तोंड दोन्ही मोकळी झाली. आपल्याकडे आश्विनात मुली मातीची भुलाबाई बसवतात, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखतात. महालात हिच्याकडे वीस-वीस मुली यायच्या. इथं ती रोज खिरापत करत होती, लेक तारा परकर घालून फाटकाशी उभी राहत होती, आणि एक चिटपाखरू फिरकत नव्हतं. खिरापत सकाळी माधवरावांच्या डब्यात जात होती. "अक्का, इथं वारा आहे, ऊन आहे, माणूस नाही," ती म्हणाली आणि रडली. मला त्या पाट्यांचा असा राग आला म्हणता!

संध्याकाळी पुन्हा तेच. दिवेलागण झाली, तारा हिरमुसून आत आली. मग मात्र माझ्यातली मास्तरीण उठली. दोघींना घेऊन मी समोरच्या वकिलांचं फाटक उघडलं. वकिलीणबाईंना फैलावर घ्यायचं म्हणूनच गेले होते. पाहते तो काय, ओसरीवर भुलाबाई, शेजारी झाकलेला डबा, आणि नटूनथटून बसलेली मुलगी! त्याही आठवडाभर वाट पाहत होत्या आणि कुसुमला शिष्ट समजत होत्या. त्यांना बरोबर घेऊन प्रोफेसरांकडे गेलो, तिथंही तेच. मुली बाहेर पडल्या आणि नेमकं कोणी आलं तर, म्हणून प्रत्येकीनं आपली मुलगी घरात डांबलेली. मी हसता हसता तिथंच पायरीवर बसले.

चूक कळली ती अशी. जुन्या वस्तीत फेरी पहिल्या घरापासून निघते. ते पहिलं घर आज्या-पणज्यांनी ठरवलेलं असतं, बाकीच्यांनी नुसतं वाट पाहायचं. इथं पहिलं घरच नव्हतं! आता कोणाचं धरायचं? वकिलीणबाई म्हणाल्या, आमची वास्तुशांत आधी झाली. प्रोफेसरीणबाई म्हणाल्या, पण पाया आमचा आधी खणला. दोघींच्या भिवया चढल्या, आणि मला वाटलं, झालं, आता कुसुमचं बोचकं बांधायलाच घ्यावं.

तेव्हा कुसुम हळूच म्हणाली, "आपल्या सगळ्यांच्या पायाला पाणी कुणाच्या विहिरीचं होतं?"

चढलेल्या भिवया खाली आल्या. रस्त्याच्या टोकाला भागीरथीबाईंचं मातीचं घर होतं. ही सगळी जमीन त्यांची. वावर प्लॉटांत गेलं, घर, विहीर आणि दोन गाई तेवढ्या राहिल्या. वकिलीणबाई जरा घुटमळल्या, पण त्यांची मुलगी तोवर ताराचा हात धरून पळालीसुद्धा.

भागीरथीबाईंच्या अंगणात ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई बसलेली होती. म्हातारी आमच्याकडे पाहतच राहिली. "हे सारं वावर होतं तवापासून माह्या घरी भुलाबाई बसते. यंदा मले वाटलं, एवढ्या पोरी राह्याले आल्या, येतीन. रोज खिरापत करतो अन् गाईले चारतो वं. काहून नाही आल्या?"

आम्ही बायका चपला काढून भुलाबाईपुढे बसलो. मुलींनी गाणी सुरू केली. खिरापत ओळखताना बर्फी झाली, नानकटाई झाली, चकल्या झाल्या. डबा उघडला तर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. सगळ्या हरल्या आणि सगळ्यांनी ओचे भरून घेतल्या.

त्यानंतर तीन दिवस मी राहिले. अंबाझरीचा तलाव पाहिला, तुम्हीही पाहा, संध्याकाळी जा. पण खरं सांगू, मला फेरीच अधिक आवडली. रोज भागीरथीबाईंकडून निघायची आणि नऊ घरं घ्यायची. निघायच्या सकाळी मी कुसुमला बोचक्याचं विचारलं. ती चकल्या पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोजागिरीला सगळ्या माझ्याकडे आहेत अक्का, मी कशी येऊ?" माधवराव दाराआड उभे होते. त्यांनी हळूच डोळे पुसले ते मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

वर्ध्याला टांग्यातून मी एकटीच उतरले. आई फाटकापर्यंत आली, माझ्यामागे रिकामा टांगा पाहिला. मी सगळं सांगितलं. नव्या वस्तीत घर बांधायला गवंडी लागतात, पण शेजार उभा करायला कोणाला तरी आधी उंबरा ओलांडावा लागतो, असं काहीबाही शहाणपणही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाली. मग आत गेली. स्वयंपाकघरात तिनं तीन पाट मांडून ठेवले होते. त्यातला एक तिनं उचलला, थोडं थांबून दुसराही उचलला, आणि दोन्ही पदरानं पुसून भिंतीशी उभे केले.