बिडी सुटली, पोट सुटलं

"तुम्ही न्हाय वाढलात बाई, कापड आटलं."

हे वाक्य मी जवळजवळ तीस वर्षं ऐकलं. मी जुना ब्लाउज घेऊन दुकानाची पायरी चढायची, तो काखेत कसा रुततो ते सांगायची, आणि गळ्यात टेप अडकवलेले मास्तर ते कापड दोन बोटांत चोळून, मान हलवून, सगळा दोष कापडाला द्यायचे. कापड टेरिकॉटचं असलं, जे काही केल्या आटत नाही, तरी मास्तरांच्या दुकानात ते आटायचं.

नातवंडांनो, हे आत्ता आठवायचं कारण असं की मागच्या आठवड्यात मी अलिबागला एका नव्या दुकानात माप द्यायला गेले. काचेचं दार, आत गार हवा. माप घेणाऱ्या बाईने टेप ओढली आणि भर दुकानात आरोळी दिली, "एक्केचाळीस!" बाकावरच्या तिघींनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या मास्तरांनी कधी कोणाचा आकडा तोंडाने उच्चारला नाही. टेपवर अंगठा ठेवायचे आणि वहीत इतकं बारीक लिहायचे, की ते फक्त त्यांनाच वाचता यावं.

तुमच्यापैकी मोठीला मास्तर आठवत असतील. मांडव्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बदामाच्या झाडाशेजारचं ते एका खोलीचं दुकान, मागे लागून त्यांचं घर. तिच्या बाहुलीला त्यांनी काज-बटणांचा फ्रॉक शिवून दिला होता, आणि बाहुलीचंही माप रीतसर टेपने घेतलं होतं. ते शाळेतले मास्तर नव्हेत. आपल्याकडे शिंप्यालाही मास्तर म्हणतात.

तेव्हाचे मास्तर म्हणजे हँगरला अडकवलेला सदरा. एक कॉलर पूर्ण झाली की एक बिडी, असा त्यांचा हिशोब. कपड्यांना वास लागू नये म्हणून ते उठून बदामाखाली जायचे. तरी वास लागायचाच. तुमच्या आईच्या लग्नातल्या ब्लाउजलाही होता. मी त्यावर अत्तर लावलं, मग दोन्ही वास यायला लागले. मास्तर स्वभावाने हसरे, पण त्यांचं हसणं कधी पुरं व्हायचं नाही. अर्ध्यावर खोकला यायचा आणि पुढचं सगळं तोच न्यायचा. आम्ही समोर बसलेले तांब्या पुढे करायचो. आळीला ते पाठ होतं.

बिडी सोडा म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, किती वर्षं घसा कोरडा केला. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं. मास्तर सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणायचे आणि बदामाखाली जायचे.

सोडायला लावली ती नातवाने.

त्यांना एकच मुलगी, माझी विद्यार्थिनी. माणगावला दिलेली, तिथेच नोकरी करते. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला, तोही दिवस भरायच्या आधी, एवढासा, नाजूक छातीचा. मास्तर नवा सदरा घालून, डोक्यावरून आंघोळ करून एसटीने माणगावला गेले. लेकीने त्यांना खोलीच्या दारातच थांबवलं.

"बाबा, डॉक्टरांनी बजावलंय. बिडी ओढणाऱ्याच्या हातात बाळ द्यायचं नाही. कपड्यांचा वाससुद्धा नको."

"अगं, सकाळपासून एकच ओढली."

"सहा महिने एकही ओढू नका. मग मी स्वतः घेऊन येते. तोपर्यंत घरीही आणणार नाही."

मास्तरांनी नातू दारातून पाहिला आणि परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर हजर. खिशातून बिड्यांचा नवाकोरा पुडा काढून माझ्या हातात दिला.

"तुम्ही ठिवा. घरात ठिवली तर मला सापडंल. फेकली तर टपरी उघडीच हाय. तुमच्याकडं असली म्हंजी मागायला लाज वाटंल."

मी पुडा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातला, वर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि डबा कपाटात ठेवला.

मास्तरांनी शब्द पाळला. पण तोंडाला तीस-पस्तीस वर्षांची सवय होती, ते रिकामं बसेना. आधी बडीशेप आली, मग चणे-फुटाणे, मग चिक्की. कॉलर झाली की बिडी, हा हिशोब तसाच राहिला, फक्त बिडीच्या जागी खारी आली. आणि शिंप्याच्या दुकानात कॉलरी किती असतात! त्यात जिभेला चव परत आली. काकूंच्या हातचं वालाचं बिरडं आपण आजवर नीट खाल्लंच नव्हतं, असा त्यांना शोध लागला आणि ते ती सगळी वर्षं भरून काढायला बसले.

तीन महिन्यांत हँगरचा सदरा गेला आणि सदऱ्यात माणूस आला. मग माणूस सदऱ्यात मावेना.

"आधी बिडी सुटली, आता पोट सुटलंय," काकू येईल त्याला सांगायच्या. "ह्या माणसाचं एकदा सुटाया लागलं की काय थांबतच न्हाय."

इथे तुम्हाला एक शब्द सांगायला हवा. कपडा शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात. पुढे माणूस वाढला तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. त्या आत ठेवलेल्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. मास्तर सगळ्यांच्या कपड्यांत भरपूर माया ठेवायचे. मी एकदा त्यांच्या पायात लुंगी पाहून विचारलं, "मास्तर, पँट उसवून घ्या की."

"काय उसवू? आत मायाच न्हाय. लोकांच्या उरल्यासुरल्या कापडातून शिवल्यात बाई. स्वतःच्या पँटीला कोणता शिंपी माया ठिवतो?"

आणि ते हसले, अर्थात खोकल्याच्या धाकाने थोडंच, जपून.

त्याच सुमारास गावात एक नवल घडलं. गावातल्या बायका बारीक व्हायला लागल्या. मास्तरांनी शिवलेला नवा ब्लाउज जी घाली, तिला तो सैल होई. पोस्टाजवळ, बाजारात, हळदीकुंकवाला एकच विषय. "मी काहीच केलं नाही हो, फक्त भात कमी केला!" मलाही माझा ब्लाउज सैल झाला तेव्हा मी आनंदाने वजनकाट्यावर उभी राहिले. काटा होता तिथेच होता. मग मी फूटपट्टी घेऊन दुकानात गेले.

भानगड अशी होती की मास्तर माप टेपने घेत, पण कापताना त्यात सैलपणा घालत तो बोटांनी. छातीला दोन बोटं, दंडाला एक बोट. तीस वर्षांचा शिरस्ता. आता बोटंच जाड झाली होती. मी त्यांची दोन बोटं पट्टीवर ठेवायला लावली. ते बघून मास्तरांचा चेहरा पडला.

"म्हंजी बाया बारीक न्हाय झाल्या?"

"नाही."

"मंग त्यांना काय सांगू नका," ते म्हणाले. "खूश हायत बिचाऱ्या."

वरवर सगळी गंमत चालली होती, पण मास्तर खचत चालले होते. पोट मशीनला टेकायचं, गुडघे दुखायचे, पायमशीनवर दोन तास बसलं की धाप लागायची. तपासणीत साखर काठावर आली. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, बिडी सोडली की भूक वाढते, थोडं वजन वाढतंच, घाबरू नका. चाला, खाणं बघा, पण परत बिडीकडे जाऊ नका. मी त्यांना एक वेळापत्रक करून दिलं. सकाळी किती वाजता काय खायचं, संध्याकाळी किती चालायचं, रकाने पाडून, लाल-निळ्या शाईत. मास्तरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते जाड प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं आणि त्याच्याखाली बसून खारी खाल्ली.

चौथा महिना संपत आला होता. एका दुपारी मास्तर माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"बाई, माझी वस्तू द्या."

कोणती वस्तू ते मी विचारलं नाही. कपाटातून डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"कायमची न्हाय," ते म्हणाले. "पोट उतरंपर्यंत. टपरीवाला म्हणतो, चालू केली की महिन्यात कंबर जाग्यावर येती. मंग परत सोडीन."

"आणि बाळ?"

"दोन महिने हायत की अजून." हे मात्र ते डब्याकडे बघून म्हणाले.

मला उपदेशाची किती सवय आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी नुसता डबा त्यांच्यापुढे सरकवला. वस्तू त्यांची होती. आज ती त्यांनी उचलली असती तर नातू पुन्हा दारातूनच बघावा लागला असता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मास्तरांनी डबा उघडला नाही. गळ्यातली टेप काढली, स्वतःच्या पोटाभोवती फिरवली, अंगठा ठेवला आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून आकडा ऐकला.

"अडतीस."

मग खुर्चीत बसले. "अठ्ठावीस होती बाई. लग्नात अठ्ठावीस होती. हे पोट माझं न्हाय."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही नाही वाढलात. टेप आटली असेल."

त्यांनी मान वर केली. क्षणभर काही कळलं नाही, मग कळलं, आणि ते हसायला लागले. पोट हललं, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. मी सवयीने तांब्या पुढे केला. पण खोकला आला नाही. हसणं चालत राहिलं, आपलं आपण पुरं झालं आणि थांबलं. आम्ही दोघंही थोडा वेळ नुसते वाट बघत बसलो.

"न्हाय आला," मास्तर म्हणाले.

"नाही आला."

त्यांनी तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "असू द्या तुमच्याकडं. न्हाय, नकोच. चुलीत घाला."

माझ्याकडे चूल नाही, म्हणून मी तो पुडा बादलीत भिजवून टाकला.

वेळापत्रकाने जे झालं नाही ते मास्तरांनी स्वतःच्या पद्धतीने केलं. तलफ आली की ते उठायचे, शिवून झालेला एक कपडा उचलायचे आणि ज्याचा त्याच्या घरी पोचता करायचे. एका वेळी एकच. चार ब्लाउज असले तर चार खेपा. रेवसच्या रस्त्यापर्यंत चालत जायचे.

"मास्तर, एकदम आणा की चारी!" बायका ओरडायच्या.

"एकदम आणले तर मंग मी काय करू?"

काकूंनी खारीचा डबा बंद करून मशीनशेजारी काकडी आणि मुळ्याच्या फोडी ठेवायला सुरुवात केली. मास्तर त्या बघून उसासा टाकायचे आणि खायचे. पोट थोडं उतरलं. अठ्ठावीसवर काही गेलं नाही. पण मशीनला टेकायचं थांबलं, धाप कमी झाली, साखरही काठावरून मागे सरली. नव्या पँटी शिवल्या.

सहा महिने झाले आणि लेक बाळाला घेऊन आली. एसटीतून उतरली ती घरात येऊन आधी तपासणीला लागली. बाळ माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून वास घेत फिरली. खुंटीवरचे सदरे, उशी, चादर, टॉवेल, मशीनचा खण. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे. माझ्या वर्गात तोंडी परीक्षेला मुलं उभी राहायची, तसे. शेवटी ती त्यांच्यासमोर आली, त्यांच्या सदऱ्याला नाक लावलं आणि तिथेच राहिली.

"खोबरेलाचा वास येतोय," ती म्हणाली. मग मागे होऊन वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "बाबा, किती सुटलात हो!"

"सुटलो खरा," मास्तर म्हणाले. "दे आता."

तिने बाळ दिलं. मास्तरांना ते कुठे धरावं समजेना, म्हणून त्यांनी ते पोटावर ठेवलं आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. बाळाने एकदा तोंड वाकडं केलं, एकदा मूठ आपटली आणि झोपून गेलं. त्यानंतर ते पाळण्यात झोपायलाच तयार होईना. दुपारी गिऱ्हाईक आलं की मास्तर ओट्यावरून, न हलता, दबल्या आवाजात सांगायचे, "बाई, ब्लाउज खुंटीला हाय. तुम्हीच घ्या."

"चालायला जा म्हणते तर हालत न्हाय," काकू कुरकुरायच्या. पण पोट उतरवायचं काही दिवस त्यांनीही मनावर घेतलं नाही.

लेकीची रजा संपली. बाळाला सांभाळायला माणूस हवं, म्हणून मास्तर आणि काकू कायमचे माणगावला गेले. दुकानाला कुलूप लागलं. मशीन टेम्पोत चढलं, त्यावर गाद्या आणि काकूंची ट्रंक. मी निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेले. मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, बाळ त्यांच्या पोटावर गाढ झोपलेलं. टेम्पो सुरू झाला. मी हात केला. हात हलवला असता तर ते जागं झालं असतं, म्हणून मास्तरांनी नुसत्या भुवया उडवल्या आणि वळणापर्यंत उडवत राहिले.