धडगावच्या घाटातलं धुकं

मामींचा फोन आला तेव्हा मी शहाद्याला शाळेत शिकवत होते. "वैशाली गई वं..." एवढंच त्या बोलल्या. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो विमानाचा. पुढे ब्राह्मणपुरीत मामांच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, "इमान कोठे पडनं?" माझी मामेबहीण पायलट होती, ती गेली म्हणजे विमानच पडलं असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण ती गेली धडगावच्या घाटात. धुक्यात पुढच्या जीपला ओव्हरटेक करताना तिची कार समोरच्या ट्रकवर आदळली. शेजारी बसलेले मामा वाचले, हात मोडला.

वैशूताईनं कॉलेजात असताना मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर लावला होता. वादळात शिरायचं, मुद्दाम एक इंजिन बंद करायचं, डोंगराला घासून जायचं... विमान कोसळलं की टाळी वाजवून हसायची. "पडनं ते पडनं! चल, परत." मला मात्र पडद्यावरसुद्धा धडधडायचं.

खऱ्या विमानात ती अगदी वेगळी होती. एकदा पुढचं नीट दिसेना म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली. तिचा एक सहकारी त्याच हवेत पुढे गेला, सुखरूप उतरला आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तिला भित्री म्हणाला. मला हे सांगताना ती चिडली नव्हती. "तो पोचला म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही," एवढंच म्हणाली. सुट्टीत घरी आली की मात्र पुन्हा तीच वादळं. मी विचारलं, तर म्हणाली, "इथं मरता येत नाही ना, म्हणून सगळी हौस इथंच फेडून घेते."

मला ते पटलं होतं. आता वाटतं, हौस अशी एका खोलीत बसून राहते का? आणि कार चालवताना ती स्वतःला नक्की कुठे समजत होती, आकाशात की त्या खोलीत? की तिसरीकडेच, जिथं आपण कोणीच फारसा विचार करत नाही? मामा पूर्वी धडगावला शिक्षक होते, तिथल्या एका आजारी मित्राला भेटायला दोघं निघाली होती. साधा, नेहमीचा रस्ता...

मग एकदा ओट्यावर बसल्या बसल्या मामा म्हणाले, "मी बोलनू, जराशी थांब. ती बोलनी, माले दिसी ऱ्हायनं, बाबा. पायलट शे, तिले समजस, आसं वाटनं माले. म्हनीसन परत नही बोलनू."

जीपच्या मागे थांब, असं ते तिला एकदाच म्हणाले होते.

गेल्या रविवारी त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटर सुरू करायला सांगितलं. पडद्यावर तिनं शेवटचं ठेवलेलं हवामान उघडलं, सगळं पांढरं. मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हाई धुकं काढता येस का?"

"येतं, मामा."

मी ते काढलं. लांबच लांब, स्वच्छ धावपट्टी दिसू लागली. मामांनी बरा झालेला हात विमान वळवायच्या स्टिकवर ठेवला, पण विमान हलवलं नाही. मामींनी जेवायला हाक मारली तरी ते तसेच बसून होते.