वाटून घेतलेली पुस्तकं

पंचेचाळिशी उलटली होती तेव्हाची गोष्ट. पनवेलच्या वाचनालयात कपाटांसमोर उभी राहून मी मोठ्यानेच म्हणाले, "एवढंसुद्धा या जन्मात वाचून व्हायचं नाही माझं." कळंबोलीच्या लोखंड बाजारातली नोकरी आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. वाचायला उरायचा तो दुपारच्या डब्यानंतरचा थोडासा वेळ.

शेजारी पुस्तक चाळत उभी असलेली बाई हसली. "मग वाटून घेऊ. अर्धी तू वाच, अर्धी मी वाचते. एकमेकींना सांगू."

ती उर्दू शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका होती. नवरा गेलेला, मुलगा कुवेतला. मुलगी लहानपणीच तापाने गेली, एवढं एकदाच सांगून तिने विषय मिटवला होता. मी तिला आपा म्हणू लागले आणि माझं अहोजाहो लवकरच सुटलं.

कादंबऱ्या तिच्याकडे, चरित्रं, प्रवास, इतिहास माझ्याकडे. दर रविवारी सकाळी तळ्याकाठी बसायचो. मी चरित्र सांगायचे ते पाठ केल्यासारखं, काही सुटू नये म्हणून. ती मात्र रंगवून सांगायची. तिच्या कादंबऱ्यांतली माणसं मला ऑफिसातल्या माणसांपेक्षा जवळची वाटायची. कुणी पुस्तकांचा विषय काढला की मी तिच्याकडून ऐकलेल्यांवरही बिनधास्त बोलायचे. ती माझी वाचून झालेलीच होती.

अशी कित्येक वर्षं गेली. मग मुलगा येऊन तिला कुवेतला घेऊन गेला. दरम्यान सासूबाई गेल्या, मीही नोकरी सोडली. रविवार रिकामा पडला तेव्हा वाटलं, आपाने सांगितलेली एखादी कादंबरी स्वतः वाचून बघावी. आवडती होती तीच आणली. तापाने फणफणलेली मुलगी बरी होते, शिकते, आईला समुद्र दाखवायला नेते, ती.

मुलगी पुस्तकाच्या मध्यावरच मेली. पुढची सगळी कादंबरी एकट्या आईची होती. त्यात समुद्र नव्हताच.

दुसरी आणली, मग तिसरी. ज्या ज्या पुस्तकात कुणाचं मूल दगावत होतं, तिथून पुढे आपाचं आणि पुस्तकाचं काही जुळत नव्हतं.

मी फोन लावला. "आपा, तू ती पुस्तकं वाचली होतीस ना?"

"त्या पानाच्या पुढे नाही जाता आलं गं. मूल गेलं की मी पुस्तक मिटून टाकायचे."

"मग पुढचं?"

"रात्रभर पडून जुळवायचे. तू रविवारी एवढी आस लावून यायचीस."

"मला तेव्हाच सांगायचंस. ती मी वाचली असती."

"तुला वेळ कुठे होता? आणि मी सांगितलं ते वाईट होतं का?"

"वाईट नव्हतं. पण ते पुस्तक नव्हतं."

"अगं, माझी मुलगी..." ती म्हणाली आणि थांबली.

मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण राग जाईना. तिचं दुःख तिचं होतं. वर्षं माझी होती. मी वाचली म्हणून बाजूला सारलेली पुस्तकं आता पुन्हा पुढ्यात आली होती आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. यातली कुठली खरी, कुठली आपाची, हे वाचल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. तिने सांगितलेल्या चांगल्या, सुखाच्या गोष्टींवरही माझा विश्वास उरला नाही. मी फोन ठेवला.

ईदला तिचा फोन येतो. मी उचलते. गुडघेदुखी, नातवंडं, तिकडचा उन्हाळा असं बोलणं होतं. गेल्या खेपेला तिने भीत भीत विचारलं, "सध्या काय वाचतेस?"

समोर तिच्याच वाट्याचं एक पुस्तक उघडं होतं.

"कुठलं काय," मी म्हटलं, "वेळच मिळत नाही."